औषधाच्या डब्यातील शिल्लक

व्यापारी घरात ‘शिल्लक’ या शब्दाला बहुधा प्रतिष्ठा असते. रोकड मोजून उरलेली शिल्लक, हंगाम संपल्यावर गोदामात राहिलेला माल, लग्नकार्यातून उरलेले धान्य, या प्रत्येकाची जागा ठरलेली आणि पुढचा उपयोगही ठरलेला. काही वाया जाऊ द्यायचे नाही ही सवय पिढ्यान्‌पिढ्या अंगी मुरलेली आहे आणि तिच्याच बळावर अनेक पेढ्या उभ्या राहिल्या आहेत. मात्र हीच सवय औषधाच्या डब्यापाशी आली की तिला थोडे थांबवावे लागते. विशेषतः मुलाच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या ही अशी शिल्लक आहे की जी घरात ठेवण्यात कोणताही लाभ नाही आणि जोखीम मात्र मोठी आहे.

येथे बोलायचे आहे ते ‘ओपिऑइड’ वर्गातील औषधांविषयी. अफूपासून निघणारी मॉर्फिन व कोडीन आणि प्रयोगशाळेत तयार होणारी ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, फेंटानिल ही सारी एकाच कुळातील औषधे होत. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यांच्याहून त्यांचे काम वेगळे. ही औषधे मेंदूतील विशिष्ट ग्राहींवर जाऊन बसतात व वेदनेची जाणीव बोथट करतात. परंतु तेच ग्राही श्वासाची लय सांभाळणाऱ्या भागातही असतात. मात्रा अधिक झाली की श्वास मंदावतो आणि फारच अधिक झाली की थांबतो. मोठ्या माणसाला सहज सोसणारी एक गोळी दोन वर्षांच्या बालकाचा श्वास थांबवू शकते, एवढे एकच वाक्य घरातील प्रत्येकाच्या लक्षात राहिले तरी पुरे.

या शिलकीचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला, कारण तिची सर्वांत मोठी किंमतही त्याच देशाने मोजली. आज समाजातील अनेक कुटुंबांची मुले-नातवंडे तेथे स्थायिक आहेत, आजी-आजोबांचे सहा-सहा महिन्यांचे मुक्काम तेथे होतात. त्यामुळे तेथील अनुभव आपल्यासाठी परका राहिलेला नाही.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी या बाबतीत बोलकी आहे. रुग्णालयातून घरी पाठवलेल्या ३४३ मुलांच्या पालकांकडे त्यांनी चौकशी केली. दिलेल्या ओपिऑइड मात्रांपैकी शंभरातील अठ्ठावन्न मात्रा वापरल्याच गेल्या नव्हत्या. उरलेल्या औषधाचे काय करावे हे सांगितले गेले होते ते केवळ १९ टक्के कुटुंबांना, आणि प्रत्यक्षात त्याची विल्हेवाट लावली होती ती अवघ्या ४ टक्क्यांनी. हिशेबाच्या माणसाला यातील विसंगती लगेच दिसेल. निम्म्याहून अधिक माल परत न जाता, नोंद न होता, कोणाच्याही जबाबदारीवर नसताना घरोघरी पडून होता.

एवढे औषध उरते कसे? मूल टॉन्सिल, अपेंडिक्स, हर्निया किंवा मोडलेल्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाते तेव्हा त्याला नेमके किती दिवस दुखेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. रात्री-अपरात्री मूल रडू लागले आणि औषध हाताशी नसले तर काय, या काळजीने डॉक्टर चार मात्रा अधिक लिहितात. बहुतेक मुलांची तीव्र वेदना दोन-तीन दिवसांत ओसरते व पुढचे काम पॅरासिटामॉलवर भागते. मूल खेळू लागते, शाळा सुरू होते, आणि बाटली स्नानगृहातील कपाटात किंवा फ्रिजच्या दारात तशीच राहते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. घरातल्या माणसांना ती बाटली दिसेनाशी होते, इतकेच.

दिसते ती तिघांना. पहिले म्हणजे रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल. मुलांसाठीचे पातळ औषध बहुधा गोड व सुगंधी केलेले असते. बाटलीचे झाकण ‘मुलांना न उघडणारे’ असले तरी ते घाईत नीट बसवले गेले नाही तर त्याचा उपयोग नाही. आणि आजीच्या पर्समधील सुट्या गोळ्यांना तर झाकणही नसते.

दुसरा म्हणजे घरातील किंवा घरी येणारा किशोरवयीन मुलगा. अमेरिकेच्या सरकारी पाहण्यांत वर्षानुवर्षे एकच गोष्ट पुढे येत राहिली. वेदनाशामक गोळ्यांचा गैरवापर करणाऱ्यांना त्या सर्वाधिक वेळा मित्रांकडून किंवा नातलगांकडूनच मिळालेल्या असतात. अर्थात कोणाच्या तरी घरच्या कपाटातून. अक्कलदाढ काढल्यानंतर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयी मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेले आकडेही विचार करायला लावतात. १३ ते ३० वर्षे वयाच्या ज्या रुग्णांनी त्या वेळी ओपिऑइड गोळ्या घेतल्या, त्यांपैकी हजारात सुमारे १३ जण पुढे अनेक महिन्यांनंतरही अशा गोळ्या घेत होते; ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांच्यात हे प्रमाण हजारात ५ होते. तेरा हा आकडा लहान वाटेल. पण दाढ काढणे ही हजारो तरुणांच्या वाट्याला येणारी साधी गोष्ट आहे आणि त्या तेरांतील प्रत्येक जण कोणाच्या तरी घरचा असतो.

तिसरी व्यक्ती घरातील वडीलधारी, आणि आपल्या घरांत तिचा विचार सर्वांत कमी होतो. नातवाची अक्कलदाढ निघाली, आठ गोळ्या उरल्या, सुनेने बाटली बाहेर काढली, असा प्रसंग न्यू जर्सीत काय आणि नाशकात काय, सारखाच घडू शकतो.

“आई, या गोळ्या आता टाकून देते.”

“अगं, टाकतेस कशाला? औषध चांगलं आहे ना? माझ्या गुडघ्याला होईल की.”

“नाही आई, ही साधी दुखण्याची गोळी नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुम्ही घ्यायचीच नाही.”

सुनेचे म्हणणे बरोबर आहे. वयोमानाने मूत्रपिंड व यकृत यांचे काम मंदावलेले असते, त्यामुळे औषध शरीरात अधिक काळ राहते. त्यातच रात्रीची झोपेची गोळी चालू असेल तर दोन्हींचा श्वसनावरील परिणाम एकत्र होतो. भोवळ येऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे ही तर फार दूरची शक्यता नव्हे. शिवाय यांतील पुष्कळ गोळ्यांत ओपिऑइडबरोबर पॅरासिटामॉलही मिसळलेले असते. आजी आधीच दिवसाला पॅरासिटामॉल घेत असतील तर यकृतावर दुहेरी भार पडतो आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही.

नेमका हाच घोटाळा भारतात अधिक होतो. आपल्याकडे ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही नावे घरोघरी ऐकू येत नाहीत, म्हणून हा ‘तिकडचा’ प्रश्न असे वाटते. परंतु हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर, दंतवैद्याकडून, अगदी पाठदुखीसाठीसुद्धा ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉलची एकत्र गोळी लिहिली जाते. ती घरात केवळ ‘जोराची दुखण्याची गोळी’ म्हणून ओळखली जाते. ट्रॅमाडॉल ओपिऑइड आहे आणि केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले, हे समाजातील औषधविक्रेत्यांना चांगले ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला बहुधा नसते. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीनही याच कुळातले. स्ट्रिपच्या मागील बारीक अक्षरे भिंगाने का होईना, एकदा वाचावीत.

मुलांच्या बाबतीत कोडीन व ट्रॅमाडॉल यांचा आणखी एक धोका आहे, आणि तो पुष्कळ उशिरा समजला. ही दोन्ही औषधे शरीरात गेल्यावर यकृतातील एका विकरामुळे अधिक प्रभावी द्रव्यात बदलतात. कोडीनचे मॉर्फिन होते. काही माणसांत हा बदल जन्मतःच अतिशय वेगाने होतो. अशा मुलाला नेहमीची, डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा दिली तरी रक्तात मॉर्फिन धोकादायक पातळीला पोचते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले याच कारणाने दगावली. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना वेदनेसाठी कोडीन व ट्रॅमाडॉल देऊ नये असे ठरवले. टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड काढल्यानंतर तर अठरा वर्षांपर्यंत ट्रॅमाडॉल वर्ज्य केले. मूल कोणत्या प्रकारचे आहे हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. म्हणून थोरल्याच्या वेळी उरलेले औषध धाकट्याला देणे हा अंधारातला सौदा ठरतो. थोरल्याला ते सोसले, एवढ्यावरून धाकट्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

मग या शिलकीचे करायचे काय? अमेरिकेत आता तीन-चार वाटा आहेत. २०१०पासून तेथील अमली पदार्थविरोधी यंत्रणा ठरावीक शनिवारी देशभर औषधे परत घेण्याचा दिवस पाळते. तो बहुधा एप्रिल व ऑक्टोबरमध्ये येतो. २०१४ मधील नियमांनंतर औषधांच्या दुकानांतही कायमच्या पेट्या ठेवण्याची मुभा मिळाली. पोलीस ठाण्यातील पेटीकडे जायला आपली माणसे बिचकतात, परंतु तेथे नाव विचारले जात नाही व पैसेही पडत नाहीत. बाटलीवरील नाव-पत्ता आधी खोडून टाकला म्हणजे झाले. काही ठिकाणी टपालखर्च आधीच भरलेले पाकीट मिळते.

चौथी वाट साधी पण परिणामकारक आहे. ओहायो राज्यातील कोलंबस येथील बालरुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीच्या सूचनांबरोबर एक लहानशी पिशवी दिली. पिशवीत सक्रिय कोळशाची पूड असते. त्यात उरलेले औषध टाकायचे, पाणी घालायचे, बंद करून हलवायचे. कोळसा औषध शोषून घेतो, ते पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही आणि पिशवी कचऱ्यात टाकता येते. पिशवी मिळालेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के कुटुंबांनी औषधाची योग्य विल्हेवाट लावली. न मिळालेल्यांत ते प्रमाण ५६ टक्के होते. उपदेश दोघांनाही सारखाच होता. फरक पडला तो साधन हाती दिल्यामुळे. आपल्याकडील रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर समाजातील जी मंडळी आहेत, त्यांनी या प्रयोगाकडे अवश्य लक्ष द्यावे.

परत देण्याची सोय जवळपास नसेल तर ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, मॉर्फिन, फेंटानिल अशा मोजक्या औषधांबाबत तेथील प्रशासनाचा सल्ला स्पष्ट आहे: शौचकूपात टाकून पाणी सोडावे. भारताच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनेही मे २०२५ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अशा रीतीने लगेच नष्ट करावयाच्या १७ औषधांची यादी त्यात असून ट्रॅमाडॉल व टॅपेन्टाडॉल ही आपल्या परिचयाची नावे तिच्यात आहेत.

हा सल्ला जैन घरात सहज स्वीकारला जाणार नाही, आणि न स्वीकारण्यामागचा संकोच समजण्याजोगा आहे. पाणी गाळून वापरणाऱ्या घराने पाण्यात औषध सोडायचे कसे? साधु-साध्वींच्या पाच समित्यांतील शेवटची, पारिष्ठापनिका किंवा उत्सर्ग समिती, ही तर त्याज्य वस्तू कोणाही जीवाला बाधा न होता, निर्जीव जागा पाहून टाकण्याचीच आहे. औषधे निसर्गात गेली तर काय होते याचा धडाही या देशाने घेतलेला आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, त्या गुरांची कलेवरे खाणारी गिधाडे लाखोंनी मेली आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्याचा वापर बंद करावा लागला. तेव्हा शंका रास्तच आहे. तिचे उत्तर असे की, ही मुभा सरसकट सर्व औषधांना नाही. यादीत घातलेली औषधे चुकीच्या हाती पडल्यास एकाच मात्रेत प्राण जाऊ शकतो, म्हणून केवळ त्यांच्यापुरती ती आहे. अमेरिकी प्रशासनातील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये या यादीतील औषधांचा पाण्यावरील परिणाम तपासला, तेव्हा तो नगण्य असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही ज्यांचे मन घेणार नाही त्यांच्यासाठी परत देण्याची पेटी किंवा कोळशाची पिशवी हा अधिक निर्दोष मार्ग आहे. फक्त त्या मार्गाची वाट पाहत बाटली सहा महिने कपाटात राहू नये. जलचरांची काळजी आणि पाळण्यातल्या बाळाची काळजी यांत तेवढा तारतम्यभाव ठेवावाच लागेल.

भारतात परत देण्याची व्यवस्था अजून बाल्यावस्थेत आहे. केरळमध्ये औषधविक्रेत्यांनी २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे प्रयत्न सुरू केला होता. २०२५ मध्ये तेथील औषध नियंत्रण विभागाने ‘एन-प्राउड’ या नावाने कोझिकोड येथून सरकारी योजना आरंभली. घरोघरची न वापरलेली व मुदत संपलेली औषधे गोळा करून शास्त्रीय पद्धतीने जाळली जातात. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी मुदत संपलेली औषधे ‘घरगुती घातक कचरा’ या प्रकारात घातली होती, म्हणजे ती ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायची नाहीत. व्यवहारात किती घरे हे पाळतात हे सांगायला नकोच. गंमत अशी की दुकानातील मुदतबाह्य माल घाऊक विक्रेत्याकडे परत पाठवण्याची पद्धत औषधव्यापारात वर्षानुवर्षे सुरळीत चालू आहे. तोच माल एकदा गल्ल्यापलीकडे गेला की परतीचा रस्ता संपतो. हा रस्ता बांधण्याचे ज्ञान व साखळी ज्यांच्याकडे आधीच आहे ते औषधविक्रेतेच होत, आणि त्यांत आपल्या समाजाची संख्या थोडी नाही. एखाद्या शहरातील औषधविक्रेता संघाने औषध प्रशासनाच्या परवानगीने ही जबाबदारी उचलली तर तो मोठाच उपक्रम होईल.

एका गोष्टीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. औषधदान हे आपल्याकडे चार दानांपैकी एक मानले गेले आहे आणि उरलेली औषधे गोळा करून धर्मार्थ दवाखान्यांना देण्याचे काम अनेक मंडळे श्रद्धेने करतात. त्या पिशवीत ओपिऑइड गोळ्या घालू नयेत. परवान्याखालील औषध नोंदीशिवाय हातोहात फिरणे कायद्यालाही धरून नाही आणि घेणाऱ्याच्याही हिताचे नाही. वर्गीकरण करणाऱ्या स्वयंसेवकांना नावांची यादी देऊन ठेवावी व अशा स्ट्रिप आढळल्यास त्या बाजूला काढाव्यात. भारतात येताना परदेशातील उरलेल्या गोळ्या ‘कोणाला तरी उपयोगी पडतील’ म्हणून सामानात आणण्याची प्रथाही बंद व्हावी.

शिल्लक मुळात कमीच राहावी हे सर्वांत बरे. शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारावे: हे औषध खरोखर लागेल का, की पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेनवर भागेल? लागलेच तर किती दिवस? अमेरिकेत २०१६च्या कायद्याने अशा गोळ्या एकदम न घेता थोड्या-थोड्या घेण्याची सोय दिली आहे. भारतात दहाची पूर्ण स्ट्रिप घेण्याचा आग्रह नसतो. सहा लागत असतील तर सहाच घ्याव्यात. मात्र नाव व मुदतीची तारीख असलेला भाग कापला जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. घरी आणल्यावर मोजून, कागदावर लिहून, कुलपात ठेवावे. सोन्या-नाण्यासाठी तिजोरी आणि मॉर्फिनच्या गोळ्या देवघराशेजारच्या उघड्या फडताळात, ही व्यवस्था कोणत्याही चोख व्यवहाराच्या माणसाला पटू नये.

या सगळ्याचा अर्थ मुलाने वेदना सोसावी असा मुळीच नाही. आपल्याकडे उलट दोषही तितकाच मोठा आहे. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या या देशात कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे इतके कठीण झाले होते की २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांनी ओपिऑइड दिले असेल तर ते सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेल्या वेळी निःसंकोच द्यावे. वेदनेने कण्हणारे मूल खोल श्वास घेत नाही, उठून चालत नाही, आणि त्याचे बरे होणेच लांबते. घरात कर्करोगाच्या रुग्णासाठी मॉर्फिन असेल तर गरज संपल्यावर ते ज्या केंद्रातून मिळाले तेथेच परत करण्याविषयी विचारावे.

आणि चुकून कोणी गोळी घेतलीच तर ओळखावे कसे? डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. श्वास संथ व उथळ होतो, घोरल्यासारखा आवाज येतो. ओठ व नखे निळसर पडतात. हाक मारून, हलवूनही माणूस जागा होत नाही. लहान मुलाने गोळी तोंडात घातल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट पाहू नये. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये, मिठाचे पाणी पाजू नये, ‘झोपलाय, झोपू दे’ असे म्हणू नये. या विषाला नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे. अमेरिकेत २०२३पासून त्याचा नाकात मारण्याचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळू शकतो, भारतात तो रुग्णालयात इंजेक्शनच्या रूपाने दिला जातो. तेथे ९११, येथे १०८ किंवा ११२ वर तत्काळ फोन करावा, मुलाला कुशीवर वळवून त्याच्याजवळून हलू नये, आणि रुग्णालयात जाताना ती बाटली किंवा स्ट्रिप, उरलेल्या गोळ्या मोजून, सोबत घ्यावी.